अवलंबितांच्या नावावरून ई-विवरणपत्र परत आले तर: अमेरिकेतील नव्या करदात्यांसाठी

२०२४ च्या एप्रिलमध्ये, मुदत संपायला चार दिवस उरले असताना, आम्हा पतिपत्नीचे संयुक्त आयकर विवरणपत्र पाठवल्यानंतर तासाभरातच परत आले. तुम्ही अवलंबित म्हणून दाखवलेल्या व्यक्तीचा सोशल सिक्युरिटी क्रमांक आधीच दुसऱ्या विवरणपत्रात वापरला गेला आहे, असा संदेश पडद्यावर होता. ती व्यक्ती म्हणजे दुसऱ्या राज्यात शिकणारी आमची वीस वर्षांची मुलगी. तिचा क्रमांक कुणीतरी चोरला असावा, या समजुतीने ती रात्र आम्ही जागून काढली. दुसऱ्या दिवशी तिच्याशी बोलल्यावर उलगडा झाला. उन्हाळ्यात केलेल्या नोकरीतून कापले गेलेले ३१० डॉलर परत मिळवण्यासाठी तिने फेब्रुवारीतच वसतिगृहात बसून, फोनवरून, स्वतःचे विवरणपत्र भरले होते आणि ‘तुम्हाला दुसरी कुणी व्यक्ती अवलंबित म्हणून दाखवू शकते का’ या प्रश्नाच्या चौकोनावर खूण केली नव्हती.

पुढचे दोन आठवडे जे शोधले, विचारले आणि काही वेळा चुकीचे करून मग निस्तरले, ते येथे क्रमाने मांडले आहे. भारतातून नुकत्याच आलेल्या आणि पहिल्या-दुसऱ्या वर्षीचा कर स्वतः भरणाऱ्या कुटुंबांना ते उपयोगी पडावे. अवलंबित म्हणजे येथे ज्याला सर्रास ‘डिपेंडंट’ म्हटले जाते ती, म्हणजे जिच्या पालनपोषणाचा भार तुमच्यावर आहे आणि जिच्यामुळे तुम्हाला करात सवलत मिळते ती व्यक्ती.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की समजून घ्या. विवरणपत्र परत आले म्हणजे तुमचा दावा खोटा ठरला असे नाही. आयआरएसची, म्हणजे येथील केंद्र सरकारच्या आयकर खात्याची, यंत्रणा त्या क्षणी फक्त क्रमांक जुळवते, कोण खरे आणि कोण खोटे हे पाहत नाही. ज्याने आधी पाठवले त्याचे स्वीकारले जाते, आणि नंतर येणाऱ्याचे, त्याचा हक्क कितीही खरा असला तरी, परत पाठवले जाते. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी अशा वेळी सरळ मुलाचे नाव काढून टाकले, विवरणपत्र लगेच स्वीकारले गेले आणि त्यांना हायसे वाटले. त्या सुटकेची किंमत त्यांनी कधी मोजली की नाही, मला ठाऊक नाही. आमच्या बाबतीत मुलीचे नाव काढणे म्हणजे अवलंबित व्यक्तीसाठी मिळणारे ५०० डॉलर आणि तिच्या शिक्षणखर्चावर मिळणारी २,५०० डॉलरपर्यंतची कर-सवलत, असे मिळून ३,००० डॉलर सोडून देणे होते. हक्क तुमचा असेल तर नाव काढू नका.

१. नकाराचा संदेश शब्दशः वाचा

प्रत्येक नकारासोबत एक कोड आणि एकदोन ओळींचे कारण येते. घाईत आपण फक्त ‘नाकारले’ एवढेच वाचतो आणि तिथेच चूक होते, कारण अवलंबितांच्या संदर्भात परत येण्याची कारणे निरनिराळी असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो.

कोड आर००००-५०४-०२ असेल, तर कुणी तुमचे मूल ‘पळवलेले’ नाही. तुम्ही लिहिलेले आडनाव आणि क्रमांक सरकारी नोंदीशी जुळत नाहीत, इतकाच त्याचा अर्थ. यंत्रणा आडनावाची पहिली चार अक्षरे तपासते. आपल्याकडे मुलाच्या नावानंतर वडिलांचे नाव आणि मग आडनाव येते, त्यामुळे फॉर्म भरताना वडिलांचे नाव आडनावाच्या रकान्यात जाणे, किंवा दोन शब्दांच्या आडनावातला चुकीचा शब्द धरला जाणे, हे फार घडते. सोशल सिक्युरिटी कार्ड समोर ठेवा आणि त्यावर जसे छापले आहे तसेच, अक्षर न अक्षर, भरा. शाळेत, पासपोर्टवर किंवा घरात नाव कसे लिहितात, याच्याशी येथे संबंध नाही. कार्डावरच चूक असेल, तर ती आयआरएसकडे नव्हे, सोशल सिक्युरिटी कार्यालयात फॉर्म एसएस-५ भरून दुरुस्त करावी लागते. बहुतेक वेळा मात्र एखादा अंक उलटसुलट झालेला असतो. तो सुधारून पुन्हा पाठवले की काम संपते आणि या लेखाचा उरलेला भाग वाचण्याची गरज राहत नाही.

कोड आर००००-५०७-०१ असेल, किंवा संदेशात ‘हा क्रमांक दुसऱ्या विवरणपत्रात अवलंबित म्हणून वापरला गेला आहे’ अशा आशयाचे वाक्य असेल, तर प्रश्न खराच दुहेरी दाव्याचा आहे. अवलंबित व्यक्तीने स्वतःच स्वतंत्र म्हणून विवरणपत्र भरले असेल, तर कोड निराळा दिसू शकतो, पण मार्ग बराचसा तोच आहे. कोडांची यादी वर्षागणिक थोडीफार बदलते, म्हणून कोडापेक्षा खालचे वाक्य महत्त्वाचे माना आणि त्या पानाची प्रत तारखेसह जपून ठेवा. ती पुढे लागणार आहे.

आणखी एक कारण अलीकडे वाढले आहे. मुलाच्या नावाने पूर्वी कधी सहा अंकी आयपी पिन (क्रमांकाचा गैरवापर टाळण्यासाठी आयआरएस देते तो गुप्त क्रमांक) घेतलेला असेल आणि या वर्षी तो लिहायचा राहिला असेल, तरीही विवरणपत्र परत येते. तेव्हा घरी आलेले यंदाच्या पिनचे पत्र शोधावे, एवढेच.

२. चोर शोधण्याआधी घरात विचारा

आयआरएसला दूरध्वनी करून ‘माझ्या मुलाचे नाव कुणी लावले’ असे विचारण्यात अर्थ नाही. करदात्याची माहिती गोपनीय ठेवण्याचे बंधन कायद्यानेच घातलेले असल्यामुळे ते नाव तुम्हाला सांगितले जात नाही. मी या प्रश्नासाठी फोनवर पाऊण तास वाट पाहिली होती. तेवढ्या वेळात मुलीला फोन केला असता, तर पहिल्याच दिवशी निकाल लागला असता.

महाविद्यालयात जाणारी मुले हे सर्वांत नेहमीचे कारण आहे. त्यांच्या हाती पहिला डब्ल्यू-२, म्हणजे मालकाने दिलेला वेतनाचा आणि कापलेल्या कराचा दाखला, येतो, मित्र सांगतात की फुकटात विवरणपत्र भरता येते, आणि त्या एका चौकोनाकडे दुर्लक्ष होते. दुसरे कारण म्हणजे विभक्त झालेले आईवडील, ज्यांच्यापैकी प्रत्येकाला आपलाच हक्क वाटतो.

तिसरे कारण आपल्या घरांत विशेष आढळते. आई ग्रीन कार्डावर आलेली असते, सहा महिने थोरल्याकडे आणि सहा महिने धाकट्याकडे राहते, आणि दोघे भाऊ एकमेकांना न विचारता तिचे नाव लावतात. हा विषय भावाभावांत काढायला संकोच वाटतो, हे मान्य आहे, पण तो न काढल्यास पुढे आयआरएसच काढते.

यांपैकी कुणीच नसेल आणि खरोखरच अनोळखी व्यक्तीने क्रमांक वापरला असण्याची शक्यता दिसत असेल, तर ओळख चोरीची तक्रार फॉर्म १४०३९ वर करता येते. मुलीच्या, भावाच्या किंवा पूर्वपतीच्या चुकीवर हा फॉर्म भरू नका. तो त्यासाठी नाही.

३. हक्क खरोखर तुमचाच आहे, याची खात्री करा

हा टप्पा कंटाळवाणा आहे, पण टाळता येत नाही. सवलत बेपर्वाईने मागितली असे ठरल्यास दोन वर्षे, आणि कपटाने मागितली असे ठरल्यास दहा वर्षे त्या सवलतीवर बंदी येते.

मुलांच्या बाबतीत पाच कसोट्या आहेत. नाते असावे. वर्षाअखेरीस वय १९ पेक्षा कमी असावे. पूर्णवेळ विद्यार्थी असल्यास २४ पेक्षा कमी, आणि कायमचे पूर्ण अपंगत्व असल्यास वयाची अट नाही. वर्षाच्या निम्म्याहून अधिक काळ मूल तुमच्यासोबत राहिलेले असावे. त्याने स्वतःच्या निर्वाहाचा निम्म्याहून अधिक भार स्वतः उचललेला नसावा. आणि त्याने जोडीदारासोबत संयुक्त विवरणपत्र भरलेले नसावे, अपवाद फक्त कापलेला कर परत मिळवण्यापुरत्या विवरणपत्राचा. पूर्णवेळ विद्यार्थी म्हणजे वर्षातील किमान पाच महिन्यांच्या काही भागात तशी नोंदणी असलेला. वसतिगृहातला मुक्काम ही तात्पुरती गैरहजेरी मानली जाते, म्हणजे तो काळही तुमच्याच घरी राहिल्यासारखा धरला जातो. ‘मुलगी तर नऊ महिने बाहेरच असते’ म्हणून पुष्कळ पालक उगाच माघार घेतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

दोघांचाही दावा कसोट्यांत बसत असेल, तर प्राधान्याचे नियम लागतात. आईवडील आणि इतर नातेवाईक यांच्यात आईवडिलांना प्राधान्य मिळते. वेगळे विवरणपत्र भरणाऱ्या आईवडिलांमध्ये ज्यांच्याकडे मूल अधिक रात्री राहिले त्यांना, आणि रात्री अगदी समान असतील तर ज्यांचे समायोजित उत्पन्न अधिक त्यांना. घटस्फोटाच्या हुकुमात ‘एक वर्ष आई, एक वर्ष वडील’ असे लिहिलेले असले, तरी अलीकडच्या हुकुमांच्या बाबतीत आयआरएसला तेवढे पुरत नाही. ज्या पालकाकडे मूल राहते त्याने फॉर्म ८३३२ वर सही करून हक्क सोडलेला असावा लागतो. हा फॉर्म मिळवण्याआधीच नाव लावणे, हा या प्रकारातला मोठा सापळा आहे.

आईवडिलांचे नियम वेगळे आहेत आणि गैरसमज येथेच अधिक आहेत. पुण्यात, कोल्हापुरात किंवा मडगावात राहणाऱ्या आईवडिलांना तुम्ही दरमहा कितीही पैसे पाठवत असलात, तरी ते येथे अवलंबित ठरत नाहीत. ती व्यक्ती अमेरिकेची नागरिक, येथील करनिवासी, किंवा कॅनडा अथवा मेक्सिकोची रहिवासी असावी लागते, आणि भारत त्या यादीत नाही. नातवाच्या जन्मासाठी काही महिने पाहुणे म्हणून आलेले आजीआजोबा सहसा या कसोटीत बसत नाहीत.

ग्रीन कार्डावर असलेली आई बसू शकते, पण तिचे वर्षाचे ढोबळ उत्पन्न ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी असावे लागते. ही मर्यादा २०२४ साठी ५,०५० डॉलर आणि २०२५ साठी ५,२०० डॉलर आहे. यात भारतातल्या मुदत ठेवींचे व्याज, घरभाडे आणि निवृत्तिवेतनही मोजले जाते, हे लक्षात ठेवा. आईच्या नावावर बँकेत किती ठेव आहे, हे मुलांना बहुधा माहीतच नसते. तिला विचारा. याशिवाय तिच्या निर्वाहाच्या निम्म्याहून अधिक खर्च तुम्ही केलेला असावा लागतो. दोघा-तिघा भावंडांनी मिळून खर्च केला आणि कुणा एकाचा वाटा निम्म्याहून अधिक नसेल, तर दहा टक्क्यांहून अधिक वाटा उचलणाऱ्यांपैकी एकाने, इतरांची लेखी संमती घेऊन, फॉर्म २१२० जोडून नाव लावता येते. हे दर वर्षी आळीपाळीने करता येते आणि भावाभावांतला तंटा मिटवण्याचा याहून सभ्य मार्ग मला दिसत नाही.

या टप्प्यावर हक्क दुसऱ्याचाच आहे असे लक्षात आले, तर नाव काढा, पुन्हा पाठवा आणि विषय संपवा.

४. कागदपत्रे एका पाकिटात जमवा

ही कागदपत्रे विवरणपत्रासोबत पाठवायची नसतात. ती नंतर मागितली जाऊ शकतात, आणि तेव्हा शोधाशोध करण्यापेक्षा आत्ताच जमवलेली बरी. आयआरएसच्या फॉर्म ८८६-एच-डीईपी मध्ये कोणता पुरावा चालतो याची यादी आहे. ती उतरवून घ्या. आम्ही जमवलेली कागदपत्रे अशी होती:

— मुलीचे सोशल सिक्युरिटी कार्ड आणि जन्मदाखला, म्हणजे नात्याचा पुरावा. जन्मदाखला मराठीत असेल तर त्याचे इंग्रजी भाषांतर.
— विद्यापीठाच्या निबंधक कार्यालयाचे पूर्णवेळ नोंदणीचे पत्र, तारखांसह.
— शिक्षण शुल्काचा फॉर्म १०९८-टी आणि शुल्क आमच्या खात्यातून गेल्याचे बँकेचे उतारे.
— घरचा पत्ता तिच्या नावासमोर दाखवणारे काहीतरी: आरोग्यविमा, दवाखान्याची नोंद, वाहनपरवाना. लहान मुलांच्या बाबतीत शाळेचे किंवा बालरोगतज्ज्ञांचे पत्र सर्वांत उपयोगी पडते. त्यावर मुलाचे नाव, पालकाचे नाव, पत्ता आणि वर्ष हे चारही असावेत.
— नकाराच्या संदेशाची छापील प्रत.

५. आयपी पिन घ्या आणि पुन्हा ई-मार्गानेच पाठवा

२०२४ मध्ये आमच्यापुढे कागदी विवरणपत्र टपालाने पाठवणे हा एकच मार्ग होता. २०२५ च्या हंगामापासून आयआरएसने नियम बदलला आहे. अवलंबिताचे नाव दुसऱ्या विवरणपत्रात आधी आलेले असले, तरी नंतर पाठवलेल्या विवरणपत्रातील मुख्य करदात्याने वैध आयपी पिन लिहिला असेल, तर ते ई-मार्गाने स्वीकारले जाते. म्हणून आज हाच पहिला प्रयत्न असावा.

हा पिन सहा अंकी असतो आणि दर वर्षी बदलतो. आयआरएसच्या संकेतस्थळावर स्वतःचे ऑनलाइन खाते उघडून तो मिळवता येतो. ओळख पटवण्यासाठी ओळखपत्राचे छायाचित्र आणि स्वतःचा चेहरा कॅमेऱ्यासमोर दाखवावा लागतो, त्यामुळे हे काम रात्री उशिरा, मंद उजेडात करू नका. सोशल सिक्युरिटी क्रमांकाप्रमाणेच आयटीआयएन (तो क्रमांक न मिळणाऱ्यांना आयआरएस देते तो करदाता क्रमांक) असलेल्यांनाही हा पिन मिळतो. साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत ही सोय बंद असते, हे उशिरा भरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

यातील सापळा ‘मुख्य करदाता’ या शब्दांत आहे. संयुक्त विवरणपत्रात ज्याचे नाव पहिले, तो मुख्य करदाता. पिन पत्नीने घेतला आणि विवरणपत्रात पहिले नाव पतीचे असेल, तर या कामासाठी तो पिन उपयोगाचा नाही. दुसरा सापळा असा की, हा पिन आणि ई-सहीसाठी आपण स्वतः ठरवतो तो पाच अंकी पिन या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि करभरणीच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्हींचे रकाने वेगळे असतात.

६. पिन मिळाला नाही, किंवा तरीही नकार आला, तर कागदी विवरणपत्र

ऑनलाइन ओळख पटण्यात अडचण आली तर पिनसाठी टपालाने किंवा प्रत्यक्ष भेटीने अर्ज करता येतो, पण त्याला आठवडे लागतात. मुदत जवळ असेल, तर वाट न पाहता कागदी विवरणपत्र पाठवा. सॉफ्टवेअरमध्ये ‘टपालाने पाठवणार’ हा पर्याय निवडून संपूर्ण फॉर्म १०४०, म्हणजे मूळ विवरणपत्र, छापा. कोणतेही अंक बदलू नका आणि मुलाचे नाव जसेच्या तसे ठेवा.

दोघांनीही शाईने सही करा. सही राहिली तर ते विवरणपत्र ग्राह्य धरले जात नाही, आणि आमचे पाकीट बंद करताना माझ्या यजमानांची सही राहिलेलीच होती. डब्ल्यू-२ पहिल्या पानाला जोडा, आणि बाकीची परिशिष्टे त्यांच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात छापलेल्या अनुक्रमानुसार लावा. ई-मार्गाचा प्रयत्न कोणत्या तारखेला झाला आणि का फसला, हे सांगणारे एका परिच्छेदाचे पत्र आणि नकाराच्या संदेशाची प्रत सोबत ठेवा. पत्ता तुमच्या राज्यावर, आणि पाकिटात धनादेश आहे की नाही यावर अवलंबून असतो. मित्राने दिलेला पत्ता वापरू नका, त्या वर्षीच्या सूचनापत्रातला घ्या. सरकारी टपालाच्या सर्टिफाइड मेलने पाठवून पोच मागा. पावतीवरचा शिक्का हाच तुमचा तारखेचा पुरावा असतो.

येथे एक चूक फार जण करतात आणि आम्हीही जवळपास केलीच होती: परत आलेल्या विवरणपत्राची ‘दुरुस्ती’ म्हणून फॉर्म १०४०-एक्स भरणे. तो फॉर्म स्वीकारल्या गेलेल्या विवरणपत्रासाठी असतो. जे परत आले ते आयआरएसच्या लेखी भरलेच गेलेले नाही, मग दुरुस्ती कशाची करणार? मूळ १०४० च पुन्हा पाठवायचा. आणि कागद एकदा टपालात टाकल्यावर ‘बघू तरी’ म्हणून पुन्हा ई-मार्गाने पाठवू नका. एकाच वर्षाची दोन विवरणपत्रे पोहोचली की दोन्ही अडकतात.

७. मुदत आणि पैसे यांचा हिशेब वेगवेगळा ठेवा

मुदतीच्या तोंडावर वेळेत पाठवलेले विवरणपत्र परत आले, तर ते सुधारून ई-मार्गाने पुन्हा पाठवायला नकाराच्या तारखेपासून पाच दिवस मिळतात. कागदी पाठवायचे असेल, तर मूळ मुदत किंवा नकारानंतरचा दहावा दिवस, यांपैकी जी तारीख नंतरची असेल ती लागू होते. हे दिवस सुट्ट्यांसकट मोजायचे. इतक्यात जमणार नाही असे वाटत असेल, तर १५ एप्रिलच्या आत फॉर्म ४८६८ भरून १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत वाढवून घ्या.

मात्र ही सारी सवलत विवरणपत्रासाठी आहे, कर भरण्यासाठी नाही. आम्हाला ६४० डॉलर भरायचे होते आणि ते बँक खात्यातून थेट कापून घ्यावेत अशी सूचना विवरणपत्रातच दिलेली होती. विवरणपत्र परत आले की ती सूचनाही त्याच्याबरोबर रद्द होते, हे कुणी सांगत नाही. खात्यातून पैसे गेले नाहीत हे माणसाला महिन्यानंतर, व्याजाच्या पत्रातून कळते. म्हणून आयआरएसच्या संकेतस्थळावरील डायरेक्ट पे या सोयीतून रक्कम १५ एप्रिलपर्यंत स्वतंत्रपणे भरून टाका.

राज्याचे विवरणपत्रही विसरू नका. बहुतेक सॉफ्टवेअर केंद्राचे स्वीकारले गेल्यावरच राज्याचे पुढे पाठवते, त्यामुळे केंद्राचे अडकले की राज्याचेही तिथेच थांबते. राज्याचे विवरणपत्र वेगळ्या पाकिटात, वेगळ्या पत्त्यावर, त्या राज्याच्या नियमांनुसार पाठवावे लागते.

८. ज्याची चूक, त्याने आपले विवरणपत्र दुरुस्त करावे

आमच्या मुलीला फॉर्म १०४०-एक्स भरावा लागला, कारण तिचे विवरणपत्र स्वीकारले गेलेले होते. आधीचा परतावा हाती येईपर्यंत थांबावे आणि मगच दुरुस्ती पाठवावी, असे आयआरएस सांगते. तिने तो चौकोन खूण करून, कारणाच्या जागी दोन वाक्ये लिहून ई-मार्गाने दुरुस्ती पाठवली. तिचे वेतन ४,८०० डॉलर होते आणि त्या वर्षी अवलंबित व्यक्तीला कमावलेले उत्पन्न अधिक ४०० डॉलर इतकी प्रमाणित वजावट (उत्पन्नातील करमुक्त धरली जाणारी ठरावीक रक्कम) मिळत होती, म्हणून तिचा कर शून्यच राहिला आणि ३१० डॉलर तिच्याकडेच राहिले. मुलाच्या नावावर व्याज किंवा लाभांश मोठा असेल, किंवा त्याने शिक्षणाची सवलत स्वतः घेतली असेल, तर मात्र काही रक्कम परत करावी लागू शकते. ती पालकांना मिळणाऱ्या सवलतीशी ताडून पाहावी.

मुलाने दुरुस्ती पाठवली की पालकांचे विवरणपत्र लगेच स्वीकारले जाईल, ही समजूत चुकीची आहे. दुरुस्तीच्या प्रक्रियेला साधारण आठ ते बारा आठवडे लागतात, कधी सोळाही. तोपर्यंत यंत्रणेत जुनीच नोंद राहते. दुरुस्तीची वाट पाहत मुदत घालवू नका. दोन्ही कामे समांतर चालू द्या.

९. नंतर येणाऱ्या पत्राला घाबरू नका

दुहेरी दावा कायम राहिला, तर काही महिन्यांनी दोन्ही बाजूंना सीपी८७ए नावाचे पत्र येऊ शकते. तुमच्याप्रमाणेच आणखी कुणी या क्रमांकाचा दावा केला आहे, तपासून पाहा, एवढेच त्यात असते. समोरच्याचे नाव नसते. तुमचा दावा बरोबर असेल, तर या पत्राला उत्तर द्यायचे नसते आणि पैसेही पाठवायचे नसतात. चूक तुमची असेल, तर १०४०-एक्स भरायचा. दोघांनीही माघार घेतली नाही, तर चौकशीचे पत्र येते आणि पुरावे मागितले जातात. चौथ्या टप्प्यातले पाकीट तेव्हा उघडायचे. दिलेल्या मुदतीत, मूळ कागद न देता, प्रती पाठवायच्या. पत्राला उत्तरच न देणे ही येथील सर्वांत महाग चूक आहे, कारण गप्प बसलेल्याचा दावा फेटाळला जातो आणि व्याजासह रक्कम परत मागितली जाते. उत्पन्न कमी असेल, तर करदात्यांसाठीच्या विनामूल्य कायदेशीर मदत केंद्रांकडे जाता येते.

आम्हाला हे पत्र आले नाही. कागदी विवरणपत्राचा हिशेब पूर्ण व्हायला मात्र ऑगस्ट उजाडला.

१०. पुढच्या वर्षासाठी एवढे करून ठेवा

जानेवारीत, पहिला डब्ल्यू-२ घरी येण्याआधी, मुलांना तो चौकोन दाखवा. चित्र काढून पाठवलेत तरी चालेल. विभक्त पालकांनी आणि आईला मिळून सांभाळणाऱ्या भावंडांनी यंदा कुणाची पाळी आहे, हे एका ओळीच्या संदेशात लिहून ठेवावे.

कुणी मुद्दाम, दर वर्षी आधी नाव लावून मोकळे होत असेल, तर मुलाच्या नावानेच आयपी पिन घ्या. अल्पवयीन मुलांसाठी तो ऑनलाइन मिळत नाही. पालकांना फॉर्म १५२२७ भरून, किंवा करदाता साहाय्य केंद्रात वेळ ठरवून प्रत्यक्ष जाऊन तो घ्यावा लागतो. एकदा हा पिन लागू झाला की त्याच्याशिवाय त्या मुलाचे नाव असलेले कोणतेही ई-विवरणपत्र स्वीकारले जात नाही, तुमचे स्वतःचेसुद्धा. म्हणून दर जानेवारीत येणारे नव्या पिनचे पत्र पासपोर्टांच्या डब्यात ठेवा. आम्ही ते पहिल्या वर्षी विजेच्या बिलांसोबत फाडून टाकले होते.